धुक्यातले तीन ढोल

फार जुनी गोष्ट आहे बाळांनो, आणि मोठ्यांनीही ऐकावी अशी. एका खाडीकाठी एक राज्य होतं. माघ लागला की तिथं असं धुकं उतरायचं, की होडीतल्या माणसाला हातातलं वल्हं दिसू नये. पाण्याखाली खडक होते, दात लपवून बसलेले.

म्हणून राजाच्या आज्यानं तीन टेकड्यांवर तीन ढोल बसवले होते. एका ढोलानं नुसती दिशा कळायची. तिन्ही ऐकले, की आपण नेमके कुठं आहोत ते नाखव्याला कळायचं. तिघांतला एक जरी गप्प झाला, तरी होडीनं आहे तिथंच नांगर टाकायचा, असा रिवाज होता.

मधल्या टेकडीवर एक विधवा बाई ढोल वाजवायची. बाकीच्या दोन टेकड्यांवर दोन म्हातारे. मधे खाडीचे फाटे, त्यामुळं वीस वर्षांत तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आवाजावरूनच, एकाचा हात जरा मागं पडतो, दुसरा थंडीत घाई करतो, हे तिला ठाऊक होतं. तेवढीच तिला सोबत. एकुलती लेक समोरच्या बेटावर दिलेली. एरवी सासरच्या कामातून तिला सुटका नसे, म्हणून ती वर्षातून एकदाच, माघात, माहेरी यायची.

एकदा कारभारी राजाला म्हणाला, “महाराज, पलीकडच्या राजानं त्याच्या किनाऱ्यावर दोन ढोल बसवलेत. आपल्याकडं फुकट ऐकू येतात. आपला एक, त्यांचे दोन, झाले की तीन. मग तिघांना शिधा कशाला?”

“आणि उद्या त्यांनी बंद केले तर?”

“बंद कशाला करतील? त्यांच्याही होड्या आहेतच की.”

राजाला पटलं. दोन्ही म्हाताऱ्यांना कामावरून निरोप दिला. त्यांचे ढोल थांबले, तेव्हा त्या बाईला पहिल्यांदा जाणवलं, आपली टेकडी किती उंच आहे.

पुढच्या माघात लेकीचा सांगावा आला, “गुरुवारी निघते.” गुरुवारी दाट धुकं. बाई ढोल वाजवत होती, परक्यांचे दोन्ही ढोलही वाजत होते. पण काल उजव्या कानाला येणारे आवाज आज डाव्या कानाला येत होते.

ती समजली. पलीकडच्या राजानं आपले ढोल नव्या बंदरावर हलवले होते. मनात वाईट काही नव्हतं. ढोल त्याचे, होड्या त्याच्या, तो कुणाला विचारणार? पण धुक्यातल्या नाखव्याला हे कसं कळावं? तो जुन्याच हिशेबानं वळणार, आणि तिथं खडक.

धुक्यात ढोल थांबवणाऱ्याला राज्याबाहेर काढत. आणि ढोल थांबला, तर लेकही यायची नाही. बाईनं टिपऱ्या खाली ठेवल्या. धुक्याकडं बघून म्हणाली, “थांब गं बाय. येऊ नकोस.”

दोन दिवस धुकं हललं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, तेव्हा तिला शीड दिसलं. खडकापासून दोन वाव, म्हणजे जेमतेम आठ हात लांब, नांगर टाकून उभं. दाणापाणी संपलेलं, धुकं पुन्हा दाटायची भीती आणि बेटच जवळ, म्हणून नाखव्यानं होडी माघारी वळवली. शीड दिसेनासं होईस्तोवर ती उभी राहिली.

राजानं तिला बोलावलं. “ढोल का थांबवलास?”

“खोटी वाट खरीसारखी ऐकू येत होती, महाराज. त्यात माझा जो आवाज होता, तेवढा मी काढून घेतला.”

राजानं तिची शिक्षा माफ केली. मग कारभाऱ्याला म्हणाला, “त्या दोघा म्हाताऱ्यांना परत आणा.”

एक म्हातारा परमुलखात वारला होता. दुसऱ्याचा हात लुळा पडला होता. ढोल महिन्यात तयार झाले, पण वाजवणारे हात तयार व्हायला चार वर्षं गेली. ते चार माघ एकही होडी हलली नाही.

पाचव्या माघात लेक आली. कडेवर तीन वर्षांची पोर. आजीनं हात पुढं केले, तशी पोरीनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं आणि हळूच विचारलं, “ही कोण गं?”

बोध: ज्या वाटेवर आपल्या माणसांचा जीव आहे, तिची राखण परक्याच्या मर्जीवर सोडू नये; आपलं मोडायला एक दिवस पुरतो, पुन्हा उभं करायला वर्षं जातात.