काठी आणि ढोल

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि म्हशी मनात आलं की बोलत.

एका गावाशेजारून नदी वाहायची. तिच्या उथळ वाटेने लोकांना पलीकडे नेणारा एक वाटाड्या होता. रोज सकाळी तो मधल्या धारेत काठी बुडवून पाहायचा. त्या काठीवर त्याच्या वडिलांनी एक लाल चिंधी बांधून ठेवली होती. पाणी चिंधीच्या खाली असलं तर चला, वर गेलं तर थांबा. मग पुढे त्याची म्हातारी म्हैस चालायची आणि मागे माणसं.

गावाची एक रीत होती. माणसं सुखरूप पोचली की ढोल वाजायचा आणि वाटाड्याला नारळ मिळायचा. तो थांबा म्हणाला की मात्र तोंडं वाकडी व्हायची. कुणाचा बाजार बुडायचा, कुणाचे पाहुणे ताटकळायचे आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटायचं.

एकदा चिंधी भिजली होती. पण बाजाराला निघालेल्यांनी फारच गळ घातली, म्हणून तो निघाला. सगळे पोचले. त्या दिवशी ढोल दुप्पट वाजला आणि नारळही दोन मिळाले. पुढच्या वेळी त्याने काठी नुसती काठावर टेकवली. तेव्हाही निभावलं. मग काठी घरीच राहू लागली.

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, आपलं डोकं असंच असतं. शाबासकी कधी मिळाली ते त्याला पक्कं आठवतं, पण ती कशी मिळाली याची चौकशी ते करत नाही.

एके दिवशी डोंगरात अवकाळी पाऊस झाला आणि नदी गढूळ झाली. त्याच सकाळी एक वऱ्हाड काठावर आलं. मुहूर्त जवळ आला होता आणि नवरी पलीकडच्या काठावर होती. वाटाड्याने काठी आणलीच नव्हती. त्याने ऐटीत सगळ्यांना मागे यायला सांगितलं.

म्हैस पाण्याच्या कडेला आली आणि खाली बसली. त्याने तिला ओढलं, चुचकारलं, हिरवा चारा दाखवला. चारा तिने खाल्ला, उठली मात्र नाही.

"मागच्या खेपेला पाणी किती होतं?" तिने विचारलं.

वाटाड्याला ढोल आठवला, नारळ आठवले. पाणी काही आठवेना.

"माझ्या नाकपुड्यांना लागत होतं," म्हैस म्हणाली. "मी पोहले असते रे. तुझ्या मागे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. त्या दिवशी तू शहाणा नव्हतास, नदी भली होती."

 वाटाड्याने धावत जाऊन काठी आणली आणि ती थेट नवरदेवाच्या बापाच्या हातात दिली. बाप तणतणतच पाण्याकडे गेला. चार पावलांवरच काठीवरची चिंधी पाण्याखाली दिसेनाशी झाली. त्याने मागे वळून सनई-ढोलवाल्यांना खाली बसायला सांगितलं.

पण मुहूर्त कसा चुकवायचा? भटजींचा आवाज दांडगा होता. त्यांनी या काठावरून मंगलाष्टकं म्हटली आणि दोन्ही काठांवरून अक्षता उडाल्या. पहिली पंगत माशांची उठली. नवरा-नवरी एकमेकांकडे पाहून पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, काठी बुडवली, चिंधी कोरडी राहिली आणि मग गळ्यात हार पडले.

गावाने तेव्हापासून रीत बदलली. वाटाड्या चला म्हणो की थांबा म्हणो, काठी पाहून म्हणाला की त्याला नारळ मिळू लागला. न पाहता म्हणाला तर सगळे सुखरूप पोचले तरी ढोल गप्प राहायचा. नारळातलं अर्धं खोबरं म्हैस खायची आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तात्पर्य: धोका पत्करून निभावलं म्हणजे निर्णय बरोबर होता असं नाही, शाबासकी द्यायची ती नीट पारखून टाकलेल्या पावलाला द्यावी.