मिकाएलाचं मरणाचं कापड

काढा, काढा फोटो. पिवळी भिंत, तिच्यावर लाल पक्षी, हिरवी कणसं, निळे खांब. ग्वाटेमालाच्या डोंगरांत आमच्या पाशुल गावातल्यासारखं चर्च दुसरं सापडायचं नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘आजी, हे रंग आले कुठून?’ मी ग्रेगोरिया, या दारात मेणबत्त्या विकते. सांगते, पण आधी सावलीत या बघू.

फार पूर्वी ही भिंत पांढरीफटक होती म्हणे. जत्रा जवळ आली की पाद्रीबाबा तिला चुना लावून घ्यायचे, आणि चुन्याला कुणी बोट लावलं की त्यांचा पारा चढायचा. त्या काळी आम्हा माया बायकांत एक रीत होती. कमरेला माग बांधून बाई आयुष्यात एक उइपिल, म्हणजे अंगात घालायचा सदरा, असं विणायची की डोळे दिपावेत. आणि घालायची कधी? मेल्यावर, पुरताना! तोवर ते पेटीत. जिवंतपणी अंगावर आपलं विटकं. हसू नका, होती रीत.

गावात मिकाएला नावाची विधवा होती. तिला एकुलती एक लेक, तोना. एका सकाळी तोना मेंढ्या घेऊन समोरच्या डोंगरावर गेली आणि असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. मेंढ्या परत आल्या, तोना आली नाही.

मध्ये खोल दरी. घंटा वाजवली, हाका मारल्या, पण दरीत आवाज घुमतो आणि भलतीकडूनच येतोय असं वाटतं. चर्च पाहून वाट धरावी, तर नुकताच चुना दिलेला. पांढऱ्यात पांढरं दिसणार काय, कपाळ!

मिकाएलानं आमच्या रीतीप्रमाणे चार दिशांच्या नावानं चार मेणबत्त्या लावल्या, पेटी उघडली आणि मरणाचं उइपिल नेऊन ओल्या चुन्यावर टांगलं. बाया ओरडल्या, “अगं, मग तुला पुरायचं कशात?”

“पोर गेली तर मला कशातही पुरा!” ती म्हणाली.

मग एकेक बाई घरी गेली आणि आपापलं उइपिल घेऊन आली. बघता बघता भिंत झाकून गेली.

दुपारी धुकं जरा विरळ झालं, तेव्हा तोना दरीच्या अगदी काठावर होती असं सांगतात. पुढचं पाऊल टाकणार, तोच बाजूला लांब काहीतरी लालभडक दिसलं. आईच्या उइपिलावरचा, मागाशी बसून पाहिलेला पक्षी! पोरीनं ओळखला, पाऊल मागे घेतलं आणि त्या लालावर नजर ठेवून घर गाठलं. आईनं आधी पाठीत धपाटा घातला, मग तिला कवटाळून हमसाहमशी रडली. अख्ख्या गावाचा जीव भांड्यात पडला.

उइपिलं उतरवली आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. मरणाचं कापड आधी कुणी धुतं का? न धुतलेला कच्चा रंग, पक्षी-कणसांसकट, सगळा ओल्या चुन्यात उतरलेला. पाद्रीबाबा बाहेर आले. त्यांनी भिंत पाहिली, पोर पाहिली. “राहू द्या,” एवढंच म्हणाले म्हणे.

मिकाएलानं ते डागाळलेलं उइपिल सगळ्यांसमोर अंगात घातलं. “चला, मरायचं कापड गेलं,” ती म्हणाली, “आता जगायलाच हवं!” आणि तशीच जत्रेत नाचली.

आजही पाशुलची बाई मरणासाठी कापड राखून ठेवत नाही. मागावरून उतरलं की त्याच दिवशी अंगात घालते. हे माझ्या अंगावरचं बघा, कालच उतरलंय.