ब्रदर सिमांवची संत्र्याची बाटली

“मग थुंकून का टाकलीत?” ब्रदर सिमांवनी विचारलं.

टिपणीसांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. संत्र्याच्या लिक्योरचा पहिला घोट त्यांनी तोंडात नीट घोळवला होता आणि वाटीत सोडून दिला होता. आपण असं केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

“सवय,” ते म्हणाले. “दिवसाला चाळीस नमुने चाखायचे असतात. सगळे गिळले तर घरी कसा जाणार?”

“इथं एकच आहे.”



नाशिकजवळच्या एका मद्याच्या कारखान्यात ते एकोणीस वर्षं चाखण्याचं काम करत होते. त्यांची जीभ चुकत नाही, असं लोक म्हणत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. वसईकडच्या या लहानशा मठात एक म्हातारे ब्रदर दर हिवाळ्यात विदर्भातून संत्री मागवतात, साली जुन्या ब्रँडीत मुरवतात आणि आजाऱ्या-पाजाऱ्यांसाठी लिक्योर हे गोडसर मद्य करतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ती लिक्योर प्यायला शिकायचं तर तिथंच जा, असं सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. प्यायला काय शिकायचं, असं मनात म्हणत ते सकाळच्या गाडीनं आले होते.

“काय काय सापडलं?” ब्रदरनी विचारलं.

“साली सावलीत वाळवल्यात. लवंग आहे, अगदी थोडी. साखर नाही, मध आहे. आणि...”

“बोला.”

“सालीच्या आतला पांढरा भाग नीट खरवडला गेलेला नाही. शेवटी कडू लागतं.”

“असेल.”

“तुम्हाला नाही जाणवलं?”

“मला अकरा वर्षांत कसलाच वास आलेला नाही. चवही नाही. एक ताप आला होता, तो जाताना दोन्ही घेऊन गेला.”

टिपणीसांनी वाटी खाली ठेवली.

“मग करता कशी?”

“हातांना माहीत आहे. आणि ज्याला देतो, त्याच्या तोंडाकडे बघत बसतो.”

“माझ्या तोंडावर काय दिसलं?”

ब्रदरनी जरा विचार केला.

“पेपर तपासणारे मास्तर.”

टिपणीसांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते बाकावर मागे टेकले. एकाएकी फार दमल्यासारखं झालं... प्रवासानं नव्हे.

“मुलीनं मागच्या महिन्यात खीर केली होती,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच. कल्याणी तिचं नाव. एक चमचा खाल्ला आणि म्हणालो, वेलदोडे जुने आहेत, दूध तळाला लागलंय.”

“लागलं होतं?”

“लागलं होतं.”

“मग?”

“तिनं वाटी उचलून नेली. त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेलेली नाही.”

 अंगणात झाडाच्या सावलीत सुपांवर साली वाळत होत्या.

मग ब्रदरनी बाटलीतून एका छोट्या भांड्यात थोडी लिक्योर ओतली आणि त्यात चमचा ठेवला.

“माझे गुडघे आज जिना चढू देत नाहीत. वर फादर कैतान झोपून असतात. त्यांना चमचाभर देऊन याल?”

वरच्या खोलीत एक अतिशय वाळलेला म्हातारा उशीला टेकून पडला होता. टिपणीसांनी आपलं नाव सांगितलं. फादरनी नुसतं तोंड उघडलं.

टिपणीसांनी चमचा रिकामा केला. एक थेंब हनुवटीवर ओघळला, तो रुमालानं टिपला.

फादरनी डोळे मिटले.

टिपणीस वाट पाहत उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. खिडकीतून कावळ्यांचा आवाज येत होता. म्हाताऱ्याचा जबडा मधूनच किंचित हलायचा, पुन्हा थांबायचा. झोप लागली असावी, असं वाटून टिपणीस वाकले.

“फादर, अजून हवी?”

फादरनी मान हलवली. नको.

“अजून आहे,” ते पुटपुटले.

टिपणीसांनी चमच्याकडे पाहिलं. तो केव्हाच कोरडा झाला होता.

ते खाली आले तेव्हा ब्रदर जागेवरच होते.

“एवढा वेळ ते काय चाखत असतात?” टिपणीसांनी विचारलं. “चमचाभर तर होती.”

 ब्रदरनी अंगठ्याएवढा एक पेला पुसला, अर्धा भरला आणि पुढे सरकवला. वाटी मात्र उचलून बाजूला ठेवली.

टिपणीसांनी घोट घेतला. जीभ लगेच कामाला लागली... साल, मध, लवंग. त्यांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. थांबली नाही. मग त्यांनी प्रयत्न करणंही सोडून दिलं आणि घोट गिळला.

ऊब हळूहळू छातीत उतरली. सगळ्यात शेवटी ते कडू आलं, मघाचंच. या वेळी ते कडूला काही म्हणाले नाहीत. ते आलं, घशाशी रेंगाळलं, आणि त्याच्या मागून पुन्हा संत्रं आलं. नुकतं सोललेलं, बोटांना झोंबणारं.

त्या खिरीचा दुसरा चमचा आपण खाल्लाच नव्हता, हे त्यांना आठवलं.

ते तसेच बसून राहिले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात उचलायचाही कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा बरा वाटत होता.

मग त्यांच्या लक्षात आलं. मेजावर पेला एकच होता.

“ब्रदर,” ते म्हणाले, “तुम्ही नाही घेत?”

ब्रदर सिमांव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“घेतली की,” ते म्हणाले. “आत्ताच.”