तुंबा ऐकणारी मुलगी

समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, इतक्या जुन्या काळी एका खडकाळ किनाऱ्यावर एक गाव होतं. त्या गावात कुणाकडे जाळं नव्हतं. टाकलेलं जाळं खालच्या धारदार खडकांत अडकून फाटायचं. म्हणून तिथली माणसं भाला घेऊन पाण्यात बुडी मारायची आणि एका श्वासात मासा मारून वर यायची.

पण मोठा मासा भाला लागल्या लागल्या मरत नाही. तो पळतो. भाला धरून ठेवला तर तो माणसालाच ओढून नेतो, आणि सोडला तर मासा गेला नि भालाही गेला. यावर त्या गावाने एक तोड काढली होती. भाल्याला लांब दोरी बांधायची आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुंबा. तुंबा म्हणजे वेलावरच वाळू दिलेला, आतून पोकळ केलेला मोठा भोपळा. त्याचं तोंड राळेने बंद करायचं आणि त्याला काथ्याच्या जाळीत आवळायचं. मग मासा पळाला की भाला खुशाल सोडून द्यायचा. पाण्यावरचा तुंबा ओढता ओढता मासा दमायचा, आणि वर आलेला माणूस त्याच तुंब्याला मिठी मारून दम खायचा.

असा तुंबा फुटका निघाला तर काय होईल, हे लहानांनो, तुम्हालाही कळेल.

म्हणून गावाची एक रीत होती. नवा तुंबा खडकातल्या डोहात दगडाखाली सात भरत्या बुडवून ठेवायचा. आठवी भरती यायच्या आधी काढायचा, कानाशी धरायचा आणि हलवायचा. आत थेंबभर पाणी जरी वाजलं, तरी तो तिथल्या तिथे दगडावर फोडायचा. नाही वाजलं, तर बुडी मारणाऱ्याने चारचौघांत विचारायचं, "धरेल का?" आणि तुंबा पारखणाऱ्याने उत्तर द्यायचं, "धरेल." हा शब्द ऐकल्याशिवाय कुणी दोरीला गाठ मारत नसे. आणि ज्याने शब्द दिला, त्याने होडीत बसून तुंब्यावरची नजर हलवायची नाही.

गावातले सगळ्यात चांगले तुंबे एक म्हातारा करायचा. तरुणपणी तो स्वतः खोल बुड्या मारायचा, आणि त्या खोल पाण्याने त्याचे दोन्ही कान घेतले होते. साल जाड की पातळ, हे त्याच्या बोटांना कळायचं. राळ किती कढवायची, हे त्याच्या नाकाला कळायचं. पण आत पाणी वाजतंय का, हे कोण सांगणार?

ते काम त्याच्या मुलीकडे होतं.

ही मुलगी फार भित्री होती. मागून कुणी शिंकलं तरी दचकायची. छपरावर नारळाची झावळी घासली तरी हातातलं भांडं सोडायची. गावाने तिचं नाव दचकी ठेवलं होतं. पोरं मुद्दाम दबकत यायची आणि तिच्या पाठीशी टाळी वाजवून पळायची. बाप मात्र म्हणायचा, "बाय, तुला जास्त ऐकू येतं, म्हणून तू दचकतेस. माझे गेले ते कान तुझ्याकडे आलेत." तिला हे पटायचं, पण घराबाहेर पाऊल टाकेपर्यंतच.

कारण मागच्या साली एक प्रकार झाला होता. तिने एका तुंब्यात पाणी वाजलं म्हणून सांगितलं. तुंबा फोडला, तर आतून एक वाळकी बी निघाली. "बी वाजली तर म्हणे पाणी!" गाव हसलं. तेव्हापासून कानाला काही लागलं की ती आधी स्वतःलाच विचारायची, अगं, हे खरंच आहे की तुझं नेहमीचं?

त्या वर्षी पावसाळा सरला, पाणी निवळलं, आणि वर्षाचा पहिला भाला मारायचा मान तिच्या थोरल्या भावाला मिळाला. पहिला मासा खडकावरच्या देवीला दाखवायचा आणि मग घरोघर वाटायचा, असा नेम होता. भावाने ठरवलं होतं, मारायचा तर काळ्या कपारीतला हेकरूच. हा मासा माणसाएवढा होता. तीन वर्षं भल्याभल्यांना त्याने चकवलं होतं.

घरात दोन तुंबे तयार होते. एक वाकडा, थोराड, अंगावर गाठी असलेला. दुसरा लहान आणि गुळगुळीत. भावाने तो स्वतः निवडून त्याला काव, म्हणजे तांबडी माती, फासली होती. लाल लाल दिसायचा अगदी.

बापाने दोन्हींवरून बोटं फिरवली आणि वाकडा पुढे सरकवला. "हा घे. याची साल जाड आहे."

बापाला दिसतील असे ओठ हलवत भाऊ म्हणाला, "बाबा, याला ओढता ओढता माझाच दम जाईल. आणि लोक म्हणतील, मासा मारायला कोण चाललाय, हा की भोपळा?"

बाप हसला. "बरं. दोन्ही बुडव. बाय ऐकून सांगेल, तो खरा."

पण लाल तुंब्याची काव वाळायला वेळ लागला, आणि तो डोहात एक भरती उशिरा गेला. ही गोष्ट फक्त मुलीला माहीत होती, कारण दगड तिनेच ठेवले होते.

मानाच्या दिवशी सकाळी ती एकटीच डोहावर गेली. वाकडा तुंबा काढला, कानाशी धरला, हलवला. आत काहीच नाही. मग लाल तुंबा काढला. हलवला. पाणी वाजलं नाही. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि तुंबा उन्हात खडकावर ठेवला. खडक तापला होता. थोड्या वेळाने तिने तो पुन्हा कानाशी नेला, आणि दचकली.

आत पाणी नव्हतं. पण कुठून तरी बारीक वारा सुटत होता. तव्यावर भाकरी फुगताना कडेने वाफ निसटते ना, तेवढाच आवाज. जिथून वारा बाहेर येतो, तिथून पाणी आत जातं, हे तिला बापाने शिकवलं होतं. तिने बोटाने चाचपून पाहिलं. काव इतकी दाट होती, की भोक कुठे आहे ते दिसेना.

ती धावत भावाकडे गेली. तो मित्राबरोबर दोरीला तेल लावत बसला होता.

"दादा, लाल तुंबा नको. वारा सोडतोय तो. आणि त्याची सातवी भरती राहिलीय. आजचा दिवस वाकडा घे ना."

"पाणी वाजलं का?" भावाने विचारलं.

"नाही, पण..."

"पण काय! वारा ऐकू आला हिला!" मित्र खो खो हसला. "अगं दचके, समुद्रावर वारा नाही तर काय ढोल ऐकू येणार? बघ हं, आत परत एखादी बी बसली असेल, वारा घालत!"

भाऊ हसला नाही. त्याने तिला बाजूला घेतलं. "बाय, सगळं गाव येऊन उभं राहिलंय. आज त्यांच्यासमोर तुंबा बदलला तर वर्षभर मला दचकीचा भाऊ म्हणतील. पाणी वाजलेलं नाही. मी विचारलं की तू म्हण, धरेल. एवढं कर माझ्यासाठी."

तिला वाटलं, असेल, माझंच नेहमीचं असेल.

देवीच्या खडकापाशी गाव जमलं. बाप सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो लेकीच्या ओठांकडे बघत होता. भावाने लाल तुंबा दोन्ही हातांत उंच धरला.

"धरेल का?"

मुलीने गावाकडे बघितलं, मग भावाकडे. बापाकडे तिने बघितलं नाही.

"धरेल," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने लेकीचे ओठ वाचले आणि समाधानाने मान हलवली. तुंब्यावरून एकदा बोट फिरवावं म्हणून त्याने हात पुढे केला होता, तो त्याने मागे घेतला.

होडीत तिघं बसली. भाऊ, वल्ही मारणारा मित्र आणि मुलगी. तिच्या पायाशी फळीखाली वाकडा तुंबा होता. तो तिने हळूच आणून ठेवला होता. मित्राला तो दिसलाच. "आज दुपारी भोपळ्याची भाजी वाटतं?" तो म्हणाला.

काळ्या कपारीवर होडी थांबली. भावाने छाती भरून श्वास घेतला आणि तो पाण्यात शिरला. सरसर दोरी गेली. लाल तुंबा लाटेवर डुलू लागला.

पहिल्या बुडीत मासा दिसला नाही. दुसऱ्या बुडीतही नाही. तिसऱ्या बुडीच्या वेळी मुलीच्या लक्षात आलं, की तुंबा मघापेक्षा खाली बसलाय. मघा त्याच्यावरच्या काथ्याच्या जाळीचे तीन पेड पाण्यावर होते, आता दोनच.

तुंबा होडीला लागूनच तरंगत होता आणि त्याची दोरी तिच्या हाताशी होती. दोरीला दोन झटके दिले की खालच्या माणसाने सगळं सोडून वर यायचं, ही खूण ठरलेली होती. दोन झटके! तेवढंच करायचं होतं. पण झटके दिले तर मासा जाणार. भाऊ वर येऊन विचारणार, काय झालं? मग सकाळचं सगळं उघडं पडणार.

लाटेमुळे असेल, तिने मनाशी म्हटलं. अजून एक लाट बघू.

ती लाट आली आणि गेली. एकच पेड वर उरला. तिने दोरीकडे हात नेला, आणि त्याच क्षणी दोरी ताठ झाली. खाली हेकरूला भाला लागला होता.

भावाने रीतीप्रमाणे भाला सोडला. मासा खोलाकडे पळाला. आता तुंब्याने वरून ओढ धरायला हवी होती. पण पाणी प्यालेला तुंबा बुडबुडला आणि एखाद्या दगडासारखा खाली गेला. वरची ओढ गेली. सैल पडलेल्या दोरीचा वेढा भावाच्या पायाला बसला, आणि मासा त्याला घेऊन काळ्या पाण्यात उतरला.

पाण्यावर काहीच उरलं नाही. एवढासा लाल डागही नाही.

मित्राच्या हातातलं वल्हं थांबलं. जिच्यावर तो सकाळी हसला होता, ती मात्र होडीच्या काठाशी वाकून कान देऊन बसली होती. कितीतरी वेळ काही नाही. मग डावीकडे, बरंच लांब, फुटक्या भांड्यातून निघावा तसा एक श्वास तिला ऐकू आला.

"तिकडे!" ती किंचाळली आणि वाकडा तुंबा छातीशी धरून तिने पाण्यात उडी मारली.

भावाने कमरेच्या सुरीने दोरी कापली होती. तो वर आला होता, पण त्याच्या हातापायांत जीव नव्हता. तो तुंबा शोधत होता आणि तुंबा नव्हता. तो दुसऱ्यांदा पाण्याखाली जात असताना तिने त्याचे केस धरले आणि त्याचा हात वाकड्या तुंब्यावर टाकला. वाकड्या तुंब्याने दोघांनाही धरलं.

भाऊ वाचला. पण त्याच्या दोन्ही कानांतून रक्त वाहत होतं.

त्या दिवशी देवीला मासा दाखवला गेला नाही. भावाने पुन्हा कधी बुडी मारली नाही. चार दिवसांनी तो उठून बसला, तेव्हा मुलगी त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "दादा, मी चुकले." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला ऐकू आलंच नव्हतं. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, मान वर करून, त्याला ओठ दिसतील असं, सावकाश. तेव्हा तो म्हणाला, "मीच तर म्हणायला लावलं."

बाप दारात उभा होता. त्याने दोघांचे ओठ वाचले. मग लेकीला विचारलं, "तुला ऐकू आलं होतं?"

तिने मान हलवली. हो.

म्हातारा आत येऊन तिच्यासमोर बसला. म्हणाला, "तुझ्या कानांनी चूक केली असती तर मी काही बोललो नसतो, बाय. दहा तुंबे उगाच फोडलेस तरी भोपळे परत वेलाला लागतात. पण तुझे ओठ बघून मी माझा हात मागे घेतला. त्याचं काय करू?"

पुढची पुष्कळ वर्षं ती तुंबे पारखत राहिली. दचकणं तिचं गेलं नाही, आणि तिने ते घालवायचा प्रयत्नही केला नाही. जो तुंबा ऐकून ती दचकायची, तो त्याच जागी फोडायची, मग समोर कुणीही उभा असो. वर्षाला पाच-सहा तुंबे वाया जायचे. कधी आतून नुसती बी निघायची, आणि तीसुद्धा ती सगळ्यांना दाखवायची. पण त्या गावातल्या एकाही माणसावर पुन्हा तुंब्यावाचून बुडायची पाळी आली नाही.

आणि गावाने आपली रीत बदलली. देवीच्या खडकापाशी त्यानंतर "धरेल का?" असं कुणी विचारलं नाही. बुडी मारणारा तुंबा पुढे करायचा आणि विचारायचा, "बाय, काय ऐकू आलं?" मग ती सांगेपर्यंत सगळं गाव गप्प उभं राहायचं.

म्हणून सांगते, मनात खरी शंका आली तर लोकांच्या हसण्याला भिऊन ती गिळू नये. कारण आपल्या शब्दावर विसंबून कुणीतरी आपला हात मागे घेतलेला असतो.