रिंगणावरचं पाणी

त्या नगरीत सलग तीन वर्षं पाऊस अर्धाच पडला होता, पण घोड्यांची शर्यत एकदाही चुकली नव्हती.

दर आठव्या दिवशी दुपार कलली की नगरीच्या मधोमध असलेल्या मोठ्या रिंगणात सात घोडे धावत. त्याआधी सकाळभर गाढवांची रांग तलावावरून पखाली भरून आणी आणि रिंगणाच्या मातीवर रिकाम्या करी. धूळ उडाली तर शर्यत नीट दिसत नाही, असं त्याचं कारण सांगत. बघायला येतं कोण, हे मात्र कोणी विचारत नसे. एके काळी शर्यतीच्या दिवशी सगळी नगरी दारं नुसती ओढून घेऊन रिंगणाकडे पळायची. हल्ली बाकांवर पाच-सहा कावळे असत आणि एक कुत्रा असे, तोही तिथे सावली असते म्हणून. समितीच्या सदस्यांना हजर राहणं भागच होतं. ते डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले होते.

शर्यत सुरू कशी झाली, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. फार पूर्वी डोंगराकडचा बांध फुटला, तेव्हा एक घोडा कुठेही न थांबता धावत आला. त्याने नगरीला सावध केलं, आणि सगळे टेकडीवर चढून वाचले. त्याचे उपकार कसे फेडायचे यावर मोठी सभा भरली. पुष्कळ विचारांती असं ठरलं की, त्या घोड्याला आणि त्याच्यामागून त्याच्या वंशजांना दर आठव्या दिवशी धावायला लावावं, आणि नगरीने बसून त्यांचं कौतुक करावं. त्या सभेला घोड्याला बोलावलं नव्हतं. सत्कार त्याचाच असल्यामुळे त्याला विचारणं बरं दिसलं नसतं.

त्याच सभेत आणखी एक रीत पडली. घोडे म्हणजे नगरीचा मान, तेव्हा त्यांच्या कानावर वाईट शब्द जाता कामा नये. म्हणून घोड्यांशी थेट कोणी बोलायचं नाही. जे सांगायचं ते पोपटाने सांगायचं, गोड करून. त्यांच्याकडून जे यायचं तेही पोपटानेच आणायचं, आणि तेही गोड करून. हे काम एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. सध्याच्या पोपटरावांची जीभ तर अशी तयार झाली होती की, तबेल्याचं छप्पर वाऱ्याने उडालं तेव्हा समितीला निरोप मिळाला, घोड्यांना आता झोपल्या जागी चांदणं दिसतं. समितीला फार समाधान वाटलं.

नगरीच्या उतारावर खालची आळी होती. तिथे शेळ्या, मेंढ्या आणि कोंबड्यांची वस्ती. या आळीची विहीर उन्हाळ्याच्या तोंडालाच आटली आणि तिला तलावाच्या पाण्याची पाळी मिळाली, पाचव्या दिवशी एकदा. झिपरी नावाची शेळी या आळीतर्फे समितीवर होती. तिला दोन करडं होती. प्यायला पुरेसं पाणी नसल्याने तिचं दूध आटत चाललं होतं, आणि धाकटं करडू दोन दिवस पायांवर उभं राहिलं नव्हतं. समितीची बैठक भरली त्या सकाळी ती त्याला चाटून, भिंतीच्या सावलीत ठेवून आली होती. तिचं सगळं लक्ष तिथेच होतं.

बैठकीत पहिल्यांदा कासवकाका बोलले. ते तलावाचे राखणदार. ते रोज सकाळी निघत, पायऱ्या उतरून पाणी किती खाली गेलं ते पाहत आणि संध्याकाळपर्यंत परत येत.

"पूर्वी पाणी दुसऱ्या पायरीला लागायचं," ते म्हणाले. "आज एकविसावी पायरी उघडी पडली."

"एकूण पायऱ्या किती आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकवीस."

अध्यक्ष होते रेडेअप्पा. अंगाने अवाढव्य, मनाने मऊ, आणि कुठलाही निर्णय समोर आला की त्यांचं रवंथ आपोआप सुरू होई. त्यांनी बराच वेळ रवंथ केलं.

"खरं सांगू का," ते शेवटी म्हणाले, "शर्यत बंद करावी असं मलाही गेली सात वर्षं वाटतंय. कोणी येत नाही, कोणी बघत नाही. पण त्या बिचाऱ्या घोड्यांचं काय? ते धावण्यासाठीच जगतात. आपण बंद केली तर ते खंगून मरतील. ते पाप कोणी डोक्यावर घ्यायचं?"

"परवाच निरोप आलाय," पोपटराव पंख सावरत म्हणाले. "धावल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. रिंगण जरा लांब केलंत तर नगरीचे फार उपकार होतील, असं म्हणत होते."

एवढी ओढ असलेल्यांना नाही म्हणणं कोणालाच सोसवत नव्हतं. मग रेडेअप्पांनी मधला मार्ग काढला. रिंगण लांब करायचं नाही, पण शर्यतही थांबवायची नाही. पाणी अपुरं पडतं, तर खालच्या आळीची पाळी पाचव्याऐवजी आठव्या दिवशी करावी. आळीतली मंडळी समजूतदार आहेत, त्यांना थोडी सवयही झाली आहे, असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी झिपरीकडे पाहायचं टाळलं.

झिपरी उठून उभी राहिली. ती एरवी बैठकीत फारसं बोलत नसे.

"आठव्या दिवसापर्यंत माझं धाकटं राहणार नाही, अप्पा," ती म्हणाली. "मला एकदा घोड्यांना विचारू द्या. माझ्या लेकराची हकिगत ऐकून ते हो म्हणाले, तर न्या आमचं पाणी. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"घोड्यांशी बोलायची रीत नाही," पोपटराव घाईने म्हणाले. "मी विचारून येतो."

"तुम्ही नको," झिपरी म्हणाली, आणि दाराबाहेर पडून तबेल्याच्या वाटेला लागली.

असं आजवर कोणी केलं नव्हतं. रेडेअप्पांचं रवंथ थांबलं. क्षणभर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग रीत मोडली जात असताना तिथे अध्यक्षाने हजर असायला हवं असं काहीसं पुटपुटत ते तिच्यामागे निघाले. पोपटराव वरून उडत आले. कासवकाकाही निघाले, पण ते पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे त्यांना माहीत होतं.

तबेल्याला खरोखरच छप्पर नव्हतं. भर उन्हात सातही घोडे भिंतीला पाठ लावून तिच्या चिंचोळ्या सावलीत उभे होते. पुढे होती वीज. ही घोडी सर्वांत जास्त वेळा पहिली आलेली, नगरीचं भूषण म्हणून दर बैठकीच्या सुरुवातीला जिचं नाव घेतलं जाई, ती. इतक्या जवळून तिला झिपरीने कधी पाहिलं नव्हतं. घोडी तिला वाटली होती त्याहून वयस्क होती, आणि तिच्या पुढच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

रेडेअप्पांनी घसा खाकरला. "नगरीच्या थोर परंपरेत आपलं स्थान..." त्यांनी सुरुवात केली.

"बाईसाहेब," झिपरी मध्येच म्हणाली. "तलावातलं पाणी संपत आलंय. तुमच्या रिंगणावर ओततात ते आमच्या पिण्याचं आहे. माझं दूध आटलंय आणि धाकटं करडू उभं राहत नाही. ही शर्यत थांबवा, एवढं मागायला आलेय. तुमच्या जिवाला लागेल, ठाऊक आहे मला. पण दुसरं कोणाला सांगू?"

मागचे घोडे एकमेकांकडे पाहू लागले. रेडेअप्पांनी डोळे मिटून घेतले.

"थांबवायची?" वीज म्हणाली. "म्हणजे, नगरीला चालेल?"

"म्हणजे काय?"

"आम्ही थांबलो तर नगरीचं मन मोडेल, असंच आम्ही धरून चाललोय. माझी आई गुडघे गेल्यावरही दोन वर्षं धावली. नगरीला आपला एवढा लळा आहे, तिला कसं दुखवायचं, म्हणायची. शेवटी रिंगणातच पडली. मी दर हंगामात निरोप पाठवते. पाय साथ देत नाहीत, आता मोठ्या मनाने सोडा, म्हणून. आणि दर वेळी उत्तर येतं, नगरीचं तुमच्यावर पूर्वीपेक्षा जास्त प्रेम आहे, अजून जोरात धावा."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. पोपटराव भिंतीच्या टोकावर बसून चोचीने एक पीस साफ करत होते. ते पीस आधीच स्वच्छ होतं.

"पाय साथ देत नाहीत, हे गोड करून कसं सांगतात?" ते अखेर म्हणाले. "सांगा ना कोणीतरी. मी म्हटलं, पाय जमिनीवर ठरत नाहीत. आणि अप्पा, तुम्ही म्हणालात शर्यत परवडत नाही, तर मी काय सांगणार होतो? माझ्या वडिलांनी हेच केलं, आजोबांनी हेच केलं. रात्र रात्र झोप लागत नाही मला." आणि मग त्यांच्या त्या मधाळ आवाजात एक घोगरेपणा आला, जो कोणी कधी ऐकला नव्हता. "त्या म्हणतात ते खरं आहे. दर हंगामात म्हणतात. सातही जण म्हणतात."

एवढं बोलून ते भिंतीवरच अंग चोरून बसले. त्यांना फार हलकं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

रेडेअप्पांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. जे घोड्यांसमोर बोलायला ते सात वर्षं घाबरत होते ते एका शेळीने चार वाक्यांत बोलून टाकलं होतं, आणि कोणी खंगलं नव्हतं की कोणी मेलं नव्हतं. त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं पोट हललं, मग ते मोठ्याने हसू लागले. ते पाहून घोडेही हसले, आणि झिपरी मात्र भिंतीला टेकून रडली, कारण तिच्या जिवात जीव आला होता.

"मग बंद," रेडेअप्पा डोळे पुसत म्हणाले. आयुष्यात इतका झटपट निर्णय त्यांनी घेतला नव्हता. "आणि उद्या पहिल्यांदा इथे छप्पर घालायला माणसं..." माणसं त्या नगरीत कोणी पाहिली नव्हती, ती फक्त म्हणण्यापुरती होती. "माकडं पाठवतो," त्यांनी दुरुस्ती केली.

फक्त तुफान नावाचा सर्वांत म्हातारा घोडा हसला नव्हता. "पण मग उद्या सकाळी उठून मी करायचं काय?" त्याने विचारलं.

"आधी उशिरा उठून तर बघ," वीज म्हणाली.

ते बाहेर पडले तेव्हा कासवकाका तबेल्याच्या अर्ध्या वाटेवर होते. निर्णय ऐकून त्यांनी मान हलवली, आणि तिथूनच तलावाकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून गाढवांची रांग रिंगणाकडे न वळता सरळ उताराला लागली. गाढवांना वाट सोपी वाटली, ओझं घेऊन उतरायचं आणि रिकामं चढायचं. खालच्या आळीत रोज पाणी येऊ लागलं. भरपूर नव्हे, पण रोज. तिसऱ्या दिवशी झिपरीला पान्हा फुटला. चौथ्या दिवशी धाकटं करडू उठलं, दोन पावलं चाललं, पडलं आणि पुन्हा उठलं. झिपरीने ते अख्ख्या आळीला तीन-तीनदा सांगितलं, आणि आळीने तीन-तीनदा ऐकून घेतलं.

मग शर्यतीचा दिवस आला. दुपार कलली तसा तुफान एकटाच रिंगणात शिरला आणि एक फेरी धावून आला. त्याला कोणी अडवलं नाही. धूळ पुष्कळ उडाली. पोपटराव सवयीने घोषणा करायला आले होते, पण घोषणा करण्याजोगं काही नव्हतं, तेव्हा ते कावळ्यांच्या शेजारी जाऊन बसले.

वीज त्या वेळी रिंगणाच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडली होती. ती नगरीच्या रस्त्याने चालू लागली. ती धावतच येणार असं धरून लोक भिंतीला चिकटून वाट देऊ लागले, पण ती धावत येत नव्हती. ती हळूहळू चालत होती आणि चालताना लंगडत होती. इतकी वर्षं तिला धावताना पाहणाऱ्यांपैकी कोणालाही ती लंगडते हे माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या मेंढीने आपणहून पुढे होऊन तिला खालच्या आळीचा रस्ता दाखवला.

झिपरी दारात बसली होती. धाकटं करडू तिच्या पोटाशी लागून लुचत होतं. घोडीला पाहून ती उठू लागली, पण विजेने तिला बसूनच राहायला सांगितलं.

"पाणी घ्या, बाईसाहेब," झिपरीने मातीचं भांडं पुढे केलं.

वीज भांड्याकडे पाहत राहिली. तोंड खाली न्यायला ती कचरत होती.

"आज शर्यतीचा वार," ती म्हणाली. "या दिवशी आम्हाला पाणी देत नाहीत. पोट जड होतं आणि वेग कमी पडतो. सकाळी पखाली रिकाम्या होताना आम्ही नुसते आवाज ऐकतो."

"आज कुठे धावायचंय?"

विजेने मान खाली घातली आणि पिऊ लागली. ती सावकाश प्याली. मध्ये थांबली, ओल्या ओठांनी श्वास घेतला, आणि पुन्हा प्याली. भांडं कोरडं झाल्यावरही ती तळ चाटत राहिली.

झिपरीने दुसरं भांडं पुढे सरकवलं.