मुके रांजण

एका राज्यात देवाला जवाच्या मदिरेचा नैवेद्य चढे, आणि ती आंबवणारा सोमदंत मद्यकार राजाच्या खालोखाल मानाचा. त्याचा दंडक एकच: कणकेने लिंपलेलं रांजणाचं झाकण कुणी उघडायचं नाही. त्याची लेक मंदाकिनी मात्र भारी चौकस. आत काय बुडबुडतं ते बघायला ती झाकणाशी चाळा करी आणि बोलणी खाई.

एके दिवशी धूम्राक्ष जादूगार दारात उभा राहिला. म्हणाला, "झाकण काढ. मला आत पाहायचं आहे."

सोमदंत म्हणाला, "नाही."

जादूगाराने चुटकी वाजवली. सोमदंताची शिळा झाली, सगळे रांजण मुके झाले. "यांना पुन्हा फेस येईल तेव्हाच हा हलेल," असं बोलून त्याने तळाचा गाळ खरवडून नेला.

राजा हळहळला, पण राजाच तो. म्हणाला, "नैवेद्यापर्यंत वाट पाहू. मग ही शिळा धरणाच्या भिंतीत बसेल."

तेव्हा परसातला भारद्वाज पक्षी मंदाकिनीला म्हणाला, "त्या गाळात प्राण झोपला आहे. जादूगाराच्या खजिन्यात तो वाळतो आहे. तिथल्या सोन्याला शिवलीस तर तूही नाणं होशील."

मंदाकिनी त्या खजिन्यात शिरली, पण तिला सोन्यात गंमत वाटलीच नाही. ती वाळलेल्या गाळाच्या करड्या चुऱ्याचा वास घेत बसली, मग तो पदरात बांधून आली. भरला जेमतेम तीन चिमटी.

पहिली चिमूट तिने जवाच्या उकळत्या काढ्यात टाकली. वाफेबरोबर बारीकसा हुंदका आला आणि सगळं शांत झालं. दुसरी तिने निवलेल्या काढ्याने भरलेल्या मोठ्या रांजणात टाकली आणि वडिलांसारखं झाकण लिंपलं. रांजण हूं की चूं करेना. पुढे नुसता कुबट वास सुटला.

"असं का?" तिने भारद्वाजाला विचारलं.

"एवढंसं पोर, केवढं ते घर," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

नैवेद्य तोंडावर आला होता. तिने छोटं मडकं घेतलं, पातळ काढा मनगटाला सोसेल इतका निववला आणि शेवटची चिमूट सोडली. झाकण लिंपायला कणीक हातात घेतली नि थबकली. झोपेतून उठलेला जीव आधी करतो तरी काय? श्वास घेतो.

तिने कणीक ठेवून दिली. तोंडावर नुसतं फडकं टाकलं आणि मडकं मांडीवर घेऊन हिंदकळवत बसली. मधूनच फडकं उचलून डोकावे. आता रागवायला कोण होतं? त्या विचाराने तिला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मडकं कुजबुजलं. मग फेस आला. ताज्या, निवलेल्या काढ्याने भरलेल्या मोठ्या रांजणात तिने ते मडकं ओतलं आणि वर झाकण लावलंच नाही.

नैवेद्याच्या सकाळी राजाची माणसं शिळा उचलायला आली, तेव्हा रांजणाचा फेस काठावरून उतू चालला होता. शिळेने डोळे चोळले. जादूगाराची सगळी जादूच मोडली; त्याच्या खजिन्यातली नाणी पुन्हा माणसं होऊन आपापल्या घरी निघाली.

सोमदंताने आधी रांजण पाहिला. "झाकण कुणी उघडलं?"

"मी, बाबा."

त्याने रांजणाला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला.

"इकडे ये," तो हळूच म्हणाला. "आत काय चाललंय ते मलाही दाखव."