गेलेल्या मल्लाशी कुस्ती

एक होता राजा, एक होता त्याचा मल्ल रायाजी, आणि रायाजी जिथं घडला त्या जुन्या तालमीत लेकरांना घेऊन राहायची विधवा गिरजा. राजाला जागेपणी स्वप्न पडायचं. गिरजाचा स्वर्गवासी सासरा, जुना मल्ल भिवाजी, आणि रायाजी धुक्यात झुंजताहेत, पण जिंकतं कोण, ते काही दिसेना. शेवटी राजानं तालमीत येऊन ते स्वप्न सांगितलं.

"मीच जिंकणार! बक्षीस म्हणून त्याची तालीम मला द्या," रायाजी म्हणाला.

राहतं घर जाणार! गिरजा पुढं झाली. "उतरा आखाड्यात. मामंजी समोर उभे आहेत असं समजा."

रायाजीनं सवयीनं माती कपाळाला लावली आणि तो वाकला.

"नमस्कार कुणाला, पैलवान?"

"तालमीच्या पहिल्या वस्तादाला."

"ते मामंजीच की! वस्तादाशी कुणी कुस्ती धरतं का?"

राजा खदखदून हसला. तालीम गिरजाच्या लेकरांची झाली आणि राजानं तिच्या दारात दुभती म्हैस बांधली.